सोपानचा कप्तान

सोपान गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, आणि तेही आमच्या माजी सरपंचांकडून. मी दौंडला मुलीकडे होतो. गावच्या ग्रुपवर सकाळी त्यांचा मजकूर आला... सोपानचा फोटो, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि ‘अंतराळ विज्ञानाचा ध्यास घेतलेला निमोण्याचा सुपुत्र हरपला.’ ज्याने सोपानचा खेळ बंद पाडला त्याला तो मेल्यावर सुपुत्र दिसला. मेलेला माणूस सोयीचा असतो, उलटून बोलत नाही. पुढे शोकसभा झाली. फ्लेक्सवर रॉकेट होतं, सोपानपेक्षा मोठा सरपंचांचा फोटो होता, आणि हार घालायला जी रांग लागली तिच्यातला एकही जण जिवंत सोपानला कधी चहा पाजणारा नव्हता. त्या रांगेत मीही होतो. माझ्याबद्दल मला आदर आहे असं कुणी समजू नये.

सोपान माझ्याहून आठ वर्षांनी लहान. रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता, घरी थोडी शेवंती आणि झेंडू. एकदा दौंडच्या रेल्वे कॉलनीतले एक म्हातारे गार्ड परदेशात मुलीकडे निघाले, तेव्हा त्यांचा व्हीसीआर त्याने विकत घेतला. त्याबरोबर एक पिशवीभर कॅसेटी फुकट आल्या. साऱ्या कॅसेटींवर एकच जुनी विलायती मालिका होती, यानात बसून ताऱ्याताऱ्यांतून भटकणाऱ्या माणसांची. काय ती मालिका! यान पुठ्ठ्याचं, दार लावलं की भिंत थरथरायची. परग्रहावरचा राक्षस म्हणजे रबरी हातमोजे घातलेला नट. मी इंग्रजीचा मास्तर, असल्या मालाकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण सोपानने गावात टीव्ही मांडला. रविवारी दुपारी, समाजमंदिरात. आवाज बंद करून पडद्याशेजारी उभा राहायचा आणि सगळ्या पात्रांचं मराठीत बोलायचा. बायका फुलांच्या पाट्या घेऊन यायच्या, माळा ओवता ओवता पाहायच्या. म्हातारे यायचे. कारेगावहून त्याच्या पाळीतले बिहारी कामगारसुद्धा सायकलवर यायचे, त्यांच्यासाठी तो मधूनच हिंदी करायचा.

माझी शिकवणीही रविवारी दुपारीच असायची. महिन्याभरात ती ओस पडली. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

एका रविवारी मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पडद्यावर कप्तानाची माणसं एका ग्रहावर उतरली होती, समोर तिथले लोक. या कॅसेटी मी आधीच त्याच्याकडून नेऊन घरी आवाजासकट पाहिल्या होत्या... चुका काढायलाच, दुसरं काय. कप्तान तिथे ओरडतो, ‘मारा!’ आणि सोपान म्हणाला, “बंदुका खाली ठिवा रं. आपन त्यांच्या दारात आलोय, ते आपल्या न्हाई.” पडद्यावर गोळ्या सुटल्याच. सोपान हळूच म्हणाला, “बगा... कप्तानाचं कुनी ऐकतच न्हाई.” पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. मला हसू आलं. केवढं हीन हसू होतं ते, आज कळतं.

सरपंचांना समाजमंदिर निवडणुकीच्या कचेरीसाठी हवं होतं. तसं सरळ म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ग्रामसभेत त्यांनी विज्ञानाचा कैवार घेतला. “पोरांना खोटंनाटं शिकवतोय ह्यो. सर हायेत हितं, त्येच सांगतील.” सगळे माझ्याकडे वळले. मी उठलो, चष्मा पुसला... हो, चष्मासुद्धा पुसला... आणि सांगितलं, “त्यातलं एकही वाक्य खरं नाही. सोपानला इंग्रजी येत नाही.”

लोक हसले. सोपान उभा राहिला, टोपी हातात. “सर बरुबर बोलत्यात. मला इंग्रजी येत न्हाई. पन त्या मानसाचं तोंड बगितलं, आन् मला वाटलं, यवढ्या लांब गेलेला मानूस आसंच बोलत आसंल.”

मग तो व्हीसीआर घेऊन घरी गेला. समाजमंदिरात कचेरी झाली, नंतर गोदाम, आता तिथे कुलूप आहे. सोपान मला नंतरही वाटेत भेटायचा. “राम राम सर, बरं हाय का?” कधी एक शब्द वावगा नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला त्याला क्षुद्र ठरवता आलं असतं, तेवढीही सवलत त्याने दिली नाही.

शोकसभेत सरपंच म्हणाले, “सोपानरावांनी गावाला आकाश दाखवलं.” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठलो आणि सरळ सोपानच्या घरी गेलो. त्याची बायको, कांतावहिनी, मेथी निवडत बसल्या होत्या, समोर टीव्ही चालू. भाच्याने त्या कॅसेटी पेनड्राइव्हवर भरून दिल्या होत्या. आवाज बंद. मी इतक्या वर्षांचं सगळं बोलून टाकलं... शिकवणीचं, चष्म्याचं, हसण्याचं. त्या मेथी निवडत राहिल्या.

“त्यांना ठावं हुतं शिकवणीचं,” शेवटी त्या म्हणाल्या. “म्हनायचे, सरांची पोरं आपल्याकडं आली, राग येनारच की.”

मी टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर कप्तान एका पांढऱ्या दाढीच्या माणसासमोर उभा होता. वहिनींनी मान वर न करता, मेथीची काडी मोडत, कप्तानाचं वाक्य म्हटलं, “आबा, आम्ही वाट चुकलोय. रातच्याला ऱ्हाऊ का हितं?” मग माझ्याकडे बघितलं. “सर, म्हाताऱ्याचं तुमी बोला. माझा आवाज त्याला शोभत न्हाई.”

चाळीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. म्हातारा काय म्हणतोय ते मला पाठ होतं, तो त्यांना हाकलत होता. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “ऱ्हावा की...”

“घाई करू नका,” वहिनी म्हणाल्या. “आदी त्याचं व्हट हलू द्या.”