दहा दिवसांत एक वाक्य

आमच्या लेथखाली दिवसभर लोखंडाचा कीस पडतो. संध्याकाळी झाडून काढावा, तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा ढीग! कॅम्पचे किस्से तसेच आहेत. कितीही सांगून टाका, पुढच्या मे महिन्यात नवा ढीग तयारच.

मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. नववीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. वर्षातून एकदाच सलग दहा दिवस रजा मागतो, आमच्या समाजातल्या मुलांच्या कॅम्पसाठी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हे सगळं मी पहिल्या वर्षी आमच्या सुपरवायझरना रजेच्या अर्जाबरोबर नीट समजावून सांगितलं. बोलायची मला मुळातच लाज, तरी पाच मिनिटं बोललो! त्यांनी शांतपणे ऐकलं, अर्जावर सही केली आणि म्हणाले, “समजी गयो. मतलब पारसी!”

पाच वर्षं झाली. अजूनही नवरोजला मला शुभेच्छा देतात.

* * *

कॅम्प बडोद्याबाहेर एका शेतावर भरतो. एक मोठा हॉल, एक स्वयंपाकघर, चार आंब्याची झाडं. अहमदाबाद, सुरत, बडोदे आणि मुंबईची मिळून तीस-एक मुलं. सगळं बघतात त्या एस्थर टीचर. शाळेतून रिटायर झाल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झालेली नाही.

या वर्षी पहिल्याच सकाळी मांडवीच्या मोझेलआजी रिक्षातून उतरल्या. बरोबर त्यांची सात वर्षांची नात, नोआ. आजींचा मुलगा इस्रायलमध्ये राहतो. नोआ तिथेच जन्मली, तिथेच वाढली. तिला हिब्रू येतं, आजींना मराठी.

“सात वर्षं आम्ही फोनवर एकमेकींना नुसता टाटा करतोय!” आजी टीचरना म्हणाल्या. “ती हात हलवते, मी हात हलवते. की झाला कॉल! आता बापाबरोबर पहिल्यांदा आलीय आणि कॅम्प संपला की दोन दिवसांनी विमान. एस्थर, मला जास्त काही नको. तिच्या तोंडून एक मराठी वाक्य ऐकव. एकच!”

“दहा दिवसांत मुलं काय काय शिकतात, तुम्ही बघाच,” टीचर म्हणाल्या.

“काय काय नको गं बाई,” आजी म्हणाल्या. “चांगलं तेवढंच शिकव!”

* * *

टीचरनी लगेच नियम काढला. नोआच्या कानावर मराठी पडली पाहिजे, म्हणून कॅम्पमध्ये फक्त मराठी. आता आमची मुलं घरी मराठी, पण गेटबाहेर पडली की गुजराती. ती सवय सुटणार कशी?

नियम सगळ्यांना सांगायचं काम डॅनीकडे आलं. डॅनी अकरा वर्षांचा, अहमदाबादचा, आणि त्याचा आवाज अहमदाबादपर्यंत जाणारा. तो हॉलमध्ये बाकावर चढला आणि ओरडला,

“सांभळो बधा! आजथी गुजराती बंध!”

* * *

नोआला शिकवायचं सगळ्यांनीच मनावर घेतलं. वाक्य मीच ठरवलं होतं, अगदी साधं. ‘आजी, मी तुझी नात.’ मी ते रोज सकाळी तिच्यासमोर दहादा म्हणायचो. ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघायची आणि मान हलवायची. तोंड मात्र गच्च बंद.

मुलांनी दुसरा मार्ग धरला. शब्द कळत नाही ना, मग करून दाखवू! पाणी हवं असेल तर अंगठा तोंडाकडे. जेवायला चल, तर पाची बोटं तोंडाकडे. झोप आली, तर हातावर गाल. नोआला हे फारच आवडलं. तीही खाणाखुणा करून सगळं मागायला लागली. मुलं आपसातही तसंच करायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी टीचर घाईघाईने माझ्याकडे आल्या. “शमू, मुलं आजारी आहेत का रे? हॉलमध्ये चिडीचूप!”

जाऊन बघतो तर पत्त्यांचा डाव रंगात आलेला, भांडणही जोरात चाललेलं, पण सगळं हातवाऱ्यांनी!

टीचर कपाळाला हात लावून म्हणाल्या, “एकीला बोलतं करायला गेलो आणि तीसच्या तीस मुकी झाली!”

* * *

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो. मेणबत्त्या लागतात, आणि द्राक्षरसाच्या पेल्यावर प्रार्थना म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी काळे मनुके भिजत घालतात, उकळतात, कुस्करतात आणि गाळतात. त्या दिवशी तीस मुलं पांढरे कपडे घालून ओळीत उभी होती. प्रत्येकाच्या हातात छोटा पेला, पेल्यात गडद लाल शरबत.

नेमके तेव्हाच शेताचे मालक पहिल्यांदा बघायला आले. दारातच थबकले. गुजरातमध्ये दारूबंदी, आणि त्यांच्याच हॉलमध्ये हे दृश्य!

“छोकराओने... दारू?” ते म्हणाले.

कोणी काही सांगण्याआधी डॅनीने एक पेला त्यांच्यापुढे धरला. “घ्या ना काका!”

मालकांनी मागे बघितलं. पुढे बघितलं. मग डोळे मिटून एक घोट घेतला. डोळे उघडले. पेल्यात बघितलं. उरलेलंही पिऊन टाकलं.

“आ तो द्राक्षनुं शरबत छे!” ते म्हणाले. आणि मग फारच पडलेल्या आवाजात, “बस, शरबत ज?”

* * *

शब्बाथला आम्ही बटण दाबत नाही. कॅम्पचा नियम असा, की शुक्रवारी सूर्य मावळताना जे चालू ते चालू आणि जे बंद ते बंद. त्यामुळे पंखे आधीच लावून ठेवायचे असतात. हे काम माझं. मालकांच्या त्या गोंधळात मी ते साफ विसरलो. म्हणजे शनिवारी मे महिन्यातली बडोद्याची दुपार, आणि पंखे बंद!

गेटवर वॉचमन कनुभाई असतात. ते ज्यू नाहीत, त्यांना बटण दाबायला हरकत नाही. पण ‘पंखा लावा’ असं त्यांना सांगायचंही नाही. सांगणं म्हणजे आपणच लावल्यासारखं, असं टीचर म्हणतात. त्यांचं त्यांना वाटलं तर ठीक. मग डॅनी चार मुलं घेऊन गेला आणि त्यांच्या खुर्चीपुढे उभा राहिला.

“कनुभाई, आज किती गरम आहे, नाही?”

“हा, बहु गरमी छे,” कनुभाई म्हणाले. “मे महिनो छे ने!”

“हॉलमध्ये तर जास्तच आहे.”

“तो बहार बेसो ने!”

पंधरा मिनिटं असंच चाललं. शेवटी नोआ त्यांचं बोट धरून त्यांना हॉलमध्ये घेऊन आली, बंद पंख्याकडे बघितलं आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला, “ऊऽऽफ!” कनुभाईंनी पटकन सगळी बटणं दाबली.

मग आमच्यात वाद सुरू झाला. ‘ऊफ’ मराठीत धरायचं की नाही? मी म्हणालो, धरू या. डॅनी म्हणाला, गुजरातीतही तसंच म्हणतात. टीचर म्हणाल्या, हिब्रूतही म्हणत असतील. ‘ऊफ’ बाद झालं.

कनुभाईंना मात्र सगळा प्रकार आता नीट समजला होता. मंगळवारी डॅनी हॉलमधूनच ओरडला, “कनुभाई, जरा पंखा लावा ना!”

कनुभाई जागचे हलले नाहीत. “आजे शनिवार क्यां छे? तारा हाथे कर!”

* * *

बुधवारी जेवायला चिकन होतं, नारळाच्या दुधातलं. आमच्यात मटण-चिकनबरोबर दूध चालत नाही, म्हणून रश्श्यात नारळाचं दूध. मुलांनी बोटं चाटून खाल्लं. हात धुऊन होताहेत तोच शेजारच्या शेतावरच्या काकी पॉटभर आंब्याचं आईस्क्रीम घेऊन आल्या. घरी फिरवलेलं!

चिकननंतर दुधाचं खायला काही तास थांबावं लागतं. किती तास, यावर हॉलमध्ये दोन पार्ट्या पडल्या. सुरतवाले म्हणाले तीन, मुंबईवाले म्हणाले सहा. डॅनी म्हणाला, “टीचर, मी फक्त रस्सा खाल्ला. कोंबडीला हातही लावला नाही!”

“रस्सा कोणाचा होता?” टीचरनी विचारलं.

डॅनी खाली बसला.

आणि मग लक्षात आलं की एकजण आहे! नोआला रस्सा तिखट लागला होता, तिने भात-वरणच खाल्लं होतं. तिला मोठा बाऊल भरून दिला. ती मधोमध बसली, आणि तीस मुलं भोवती गोल करून बघत राहिली. ती अगदी सावकाश, चमचा चाटत चाटत खात होती. सगळ्यांना वाटलं, आता तरी ‘छान’ म्हणेल! एक शब्द! बाऊल संपला. नोआने तोंड पुसलं, सगळ्यांकडे बघितलं आणि अंगठा वर केला.

डॅनीला रडूच यायचं बाकी होतं. “एवढं खाऊन पण बोलत नाही!”

* * *

आमच्या कॅम्पची एक पद्धत आहे. वर्षाचे सगळे सण मुलांनी एकत्र साजरे करावेत, पण सुट्टी तर मेमध्येच असते. म्हणून दहा दिवसांत अख्खं वर्ष बसवतो. एका दिवशी नवीन वर्ष, एका दिवशी दिव्यांचा सण हनुका. हनुकाला फिरवायच्या भिंगऱ्या मी लेथवर बनवून आणतो. झोपडीचा सण येतो, तेव्हा अंगणात फांद्यांचा मांडव घालून त्यात जेवतो. यंदा मांडव झाला, ताटं मांडली, आणि वाढायला गेलो तर कनुभाईंच्या म्हशीने अर्धं छप्पर खाल्लेलं! टीचर म्हणाल्या, “असू दे. छपरातून आकाश दिसलंच पाहिजे, असा नियमच आहे!”

उपासाचा दिवसही असतो. मोठी माणसं पूर्ण दिवस करतात, कॅम्पमध्ये नाश्त्यानंतर दहा वाजेपर्यंत. उपासाच्या आदल्या दिवशी एकमेकांची माफी मागायची रीत आहे. डॅनी माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

“शमूदादा, मला माफ करा.”

“कशाबद्दल रे?”

“आधी केलं म्हणा ना.”

“बरं, केलं. कशाबद्दल?”

“ते उद्या कळेल!”

कळलं. माझ्या चपला सगळ्यात उंच आंब्यावर होत्या.

* * *

शेवटच्या दिवशी आई-बाप, आजी-आजोबा सगळे येतात आणि मलिद्याचं ताट होतं. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची, सुका मेवा, वर फळं. एलियाहू हनाबी या प्रेषितांची प्रार्थना म्हणायची आणि मग मलिदा वाटायचा.

मोझेलआजी सगळ्यांत आधी आल्या. नवी साडी, केसांत मोगरा. पहिल्या रांगेत बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. सकाळीही मी नोआसमोर वाक्य दहादा म्हटलं होतं. तिने मान हलवली होती, बस.

प्रार्थना झाली. टीचरनी नोआला पुढे आणलं. डॅनी मागून ओठ हलवून दाखवत होता, “आ-जी, मी तु-झी ना-त...”

नोआने आजींकडे बघितलं. आजींनी नोआकडे बघितलं. नोआने खाली मान घातली.

मग आजी उठल्या, तिला जवळ घेतलं आणि आपल्या शेजारी बसवलं. “राहू दे गं माझ्या बाळा,” म्हणाल्या. “कशाला उगीच तिला उभं करता? चल, आपण खाऊ.” हसत म्हणाल्या, पण पदर डोळ्यांना लावला.

मलिद्याचं पातेलं माझ्या हातात होतं. आजींनी माझ्याकडून डाव घेतला आणि स्वतः वाढलं. नोआने खाल्लं. आजींनी पुन्हा वाढलं. तिने तेही खाल्लं. आजींनी तिसऱ्यांदा वाढलं. बोलता येत नाही, तर माणूस दुसरं काय करणार? नोआने तेही कसंबसं संपवलं. चौथ्यांदा वाढलं, तेव्हा नोआ माझ्याकडे बघायला लागली. मी काय करणार? पातेलं धरून उभा होतो.

आजींनी पाचवा डाव भरला. तो ताटाकडे येताना दिसला, तशी नोआने दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

“आजी, पुरे! पोट फुटेल माझं!”

टीचरनी माझ्याकडे बघितलं. मी डॅनीकडे बघितलं. डॅनी दोन्ही कान पकडून म्हणाला, “देवाशप्पथ, मी नाही शिकवलं!”

मोझेलआजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी डाव्या हाताने नोआचे हात हळूच बाजूला केले, आणि उजव्या हाताने तो डाव तिच्या ताटात रिकामा केला.

“काय म्हणालीस?” आजी म्हणाल्या. “परत म्हण!”