हलका हवा, पण हलणारा नको

घटनाक्रम आधी सांगते. औंधजवळच्या टेकडीवर एक वीरगळ आहे. त्यावरच्या चार ओळी दर पावसाळ्यात अधिक पुसट होत आहेत. गेल्या महिन्यात मी काढलेली त्यांची सर्व छायाचित्रे अस्पष्ट आली. म्हणून आज सकाळी साताऱ्यातील एका दुकानात ट्रायपॉड घ्यायला गेले. अट साधी होती: टेकडी चढताना मला पेलेल इतका हलका, वाऱ्यात न हलणारा आणि चार हजारांच्या आत.

दुकानदाराने पाच दाखवले. भक्कम होता तो मला उचलेना. उरलेले चारही मी कॅमेरा लावून तपासले आणि नापास केले.

"समदेच कसं हालत्यात, बाई?"

"तुमचा माल निकृष्ट आहे म्हणून," मी सुनावले.

त्याने वाकून ट्रायपॉडचे पाय पाहिले. मग हळूच म्हणाला, "आवं बाई, त्याच्यावरचा हात जरा काढा बघू."

मी हात काढला. ट्रायपॉड निश्चल उभा होता.

काहीही न घेता घरी परतले. टायमर लावता येतो, हे मला ठाऊक आहे. पण चौकट जुळवताना स्क्रू पिळावेच लागतात आणि बोटे तिथेही थरथरतात. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या ओळी वाचता येतील, असे मला वाटत नाही.

हात थरथरत असूनही ज्यांची छायाचित्रे स्पष्ट येतात, असे या गटात कोणी असल्यास त्यांनी आपल्या ट्रायपॉडचे नाव, वजन आणि जुळवण्याची रीत कळवावी. उत्तर लेखी हवे. फोन करून धीर देऊ नये.