सरवदे मॅडमचा ‘आशय’वाला रकाना

माझ्या मुलीनं मला भर स्टेजवर मारून टाकलं, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो.

नांदेडची वक्तृत्व स्पर्धा. सायली नववीत. विषय, ‘माझे बाबा’.

भाषण मीच एका क्लासवाल्या सरांकडून लिहून घेतलेलं. त्यात बाबा सीमेवर शहीद होतात.

मी लातूरचा डाळमिलवाला. सीमा म्हणाल तर फक्त कर्नाटकाची पाहिलेली.

पण पोरगी काय बोलली!
नुसत्या आवाजावरून मिलचा कुठला पट्टा सैल झालाय ते सांगणारे माझे कान. त्या हॉलमध्ये पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

शेजारच्या मावशी डोळे पुसत म्हणाल्या, “लई वाईट झालं. आई तरी आलीय का लेकराची?”
“घरी हाय,” मी म्हणालो.

करंडक आपलाच. निकालाआधीच मी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर ‘नांदेड फत्ते’ टाकून मोकळा.

नंबर आला नाही. उत्तेजनार्थसुद्धा न्हाई.

तडक परीक्षकांच्या टेबलाशी गेलो. औशाच्या सरवदे मॅडम, जिल्हा परिषद शाळेच्या.

“मॅडम, अख्खा हॉल रडला. अन् नंबर न्हाई?”

त्यांनी मार्कांचा कागद माझ्याकडं फिरवला.
सादरीकरण, पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.
आशय, पन्नासपैकी अकरा.

“सात मिनिटं बापावर बोलली, भाऊ. पण बाप हसतो कसा, चिडतो कशावर, काहीच न्हाई. कुणाचाबी बाप बसल त्यात. तुम्ही कोण तिचे?”

“बाप.”

मॅडमनी चष्मा काढला.
“मंग वारलं कोण?”

मी कागदावरच्या त्या दोन आकड्यांची बेरीज परत करून बघितली. धंद्यात मला ती दोनदा करावी लागत नाही.

“पोरीला रागवू नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबद्दल तिला खरं काय बोलायचंय, ते एकदा विचारा.”

परतताना गाडीत विचारलं. अहमदपूरजवळ सायलीनं गाण्याचा आवाज कमी केला. मग म्हणाली,
“पप्पा, तुम्ही सगळ्यांना सांगता, मी हमालीतून वर आलो. मग आपल्या मिलमधल्या हमालांना ‘ए’ म्हणून का बोलावता? नावं माहीत नाहीत का?”

नव्हती.

दुसऱ्या दिवशी विचारून घेतली. एकजण तर माझ्याच गावाकडचा, जळकोटचा निघाला.

पुढच्या वर्षी सायली हेच बोलली. स्टेजवरून, माझ्यादेखत. दोनदा अडखळली. सादरीकरण पस्तीस, आशय सेहेचाळीस. दुसरा नंबर.

मॅडमनी लांबूनच विचारलं, “आज बरे हायत ना तिचे वडील?”
“हाव,” म्हणालो, “जरा लागलंय.”

आज सकाळी मॅडम गेल्या.

मी श्रद्धांजलीची पोस्ट लिहायला घेतली. ‘शिस्तप्रिय, निःस्पृह, थोर व्यक्तिमत्त्व...’ फोनवर सायलीला वाचून दाखवली.

“खोडा ते पप्पा. कुणालाही चालेल असं आहे. त्या चप्पल टेबलाखाली काढून बसायच्या, अन् मुद्दा पटला की त्यांच्या पायाचा अंगठा हलायचा. बोलताना आम्हा सगळ्या स्पर्धकांचं लक्ष टेबलाखाली असायचं. ते लिहा.”

लिहिलं, मॅडम.

सावकाश जा. जय भीम.