खोलीतून पाणी दिसलं पाहिजे

शहागडला गोदाकाठी एका काकांच्या शेतात आम्ही पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. पाणकोंबड्यांच्या घरट्यांवर संशोधन करणारी एक मुलगी तिथेच राहायची. पहिले पाहुणे येणार म्हणून मी काकांना बजावलं, "खोलीतून पाणी बराबर दिसलं पाहिजे." काकांनी काठचं सगळं गवत कापून काढलं. घरटी त्याच गवतात होती.

मुलगी गावाहून परतली आणि काठावरच्या कापलेल्या गवतात घरटी शोधू लागली. "हे कोणी सांगितलं?"

मी बोलायच्या आत काका म्हणाले, "मीच कापलं, माय. पाहुण्याला काय गवत दाखवायचं?"

मी चहा आणायला आत गेले. कप हातात घेत ती मला म्हणाली, "तुम्ही तरी त्यांना समजावायचं होतं, ताई."

मी "हो" म्हणून मान हलवली.