श्रीनगरहून परतलेल्या अठरा जणी

सुभद्रा कोहळे एसटीत बावीस वर्षं कंडक्टर होत्या. त्यातली बहुतेक वर्षं नागपूर-काटोल-नरखेड या एकाच रस्त्यावर गेली. संत्र्याच्या हंगामात गाडीत माणसांपेक्षा पिशव्या जास्त असायच्या आणि त्या गर्दीतून वाट काढत बाई मागच्या सीटपर्यंत पोचायच्या. ठेंगणा बांधा, पण आवाज असा की ड्रायव्हरला घंटी ऐकू आली नाही तरी बाई ऐकू यायच्या. त्या आवाजात राग नसे. घरच्या पंगतीत वाढणाऱ्या बाईने 'सरका थोडं' म्हणावं, तसा तो आवाज होता. म्हणून कोणी सहसा उलटून बोलत नसे.

निवृत्त झाल्यावर नागपूरजवळच्या वाडीतल्या घरी बसून त्यांना करमेना. घर गोदामांच्या मागच्या गल्लीत. अमरावती रोडवर ट्रक गेला की फळीवरची भांडी वाजतात. मग त्यांनी सहली सुरू केल्या. पहिली रामटेकची, एका दिवसाची. नंतर ओंकारेश्वर, हैदराबाद, पुरी. बरोबर येणाऱ्या बाया अशा, की ज्यांनी माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव पाहिलेलं नव्हतं. नियम दोनच होते: नवरे आणायचे नाहीत, आणि सहलीत कोणीही कोणासाठी पोळ्या लाटायच्या नाहीत.

शेजारच्या कांताबाई गजभिये सगळ्या सहलींना असत. दोघींच्या घरांची भिंत एकच. कांताबाई एका खासगी दवाखान्यात आया होत्या. त्यांची ड्युटी असली की लहानगा पियूष सुभद्राबाईंच्या घरी जेवायचा, तिथेच झोपायचा. आता तो एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे, पण सुभद्राबाई अजून त्याची मावशीच.

काश्मीरला यायला मात्र कांताबाई तयार नव्हत्या. एवढ्या लांब, थंडीत, आणि तिकडचं काय सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं. सुभद्राबाईंनी आठवडाभर त्यांच्या मागे लागून त्यांना तयार केलं. एप्रिलमध्ये अठरा जणी जम्मूच्या गाडीत बसल्या.

श्रीनगरमध्ये त्यांना मंजूर नावाचा ड्रायव्हर मिळाला. तिशीतला, हसरा. दोन दिवसांत त्याने बायांच्या तोंडचा 'काहून', म्हणजे 'का', हा शब्द उचलला आणि ऊठसूट वापरायला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाया एका बागेत भरजरी काश्मिरी कपडे घालून फोटो काढून घेत होत्या, तेव्हा तो फाटकातून जवळजवळ पळत आला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. सगळ्यांनी ताबडतोब गाडीत बसा, एवढंच तो म्हणाला. गाडी सुरू झाल्यावर त्याने सांगितलं. वरच्या एका कुरणात फिरायला आलेल्या माणसांना त्यांच्या बायकापोरांसमोर गोळ्या घालून मारलं होतं. किती गेले ते अजून कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी या अठरा जणी त्याच कुरणात जाणार होत्या.

हॉटेलकडे जाणारा रस्ता बंद झाला होता. मंजूरने गाडी आपल्या घराकडे वळवली. पुढचे दोन दिवस अठरा जणी त्याच्या घरातल्या दोन खोल्यांत राहिल्या. मंजूरची आई हलीमा दोन्ही वेळ मोठ्या पातेल्यात भात शिजवी आणि शेजारणींकडून अंथरुणं गोळा करून आणी. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती. काही बाया रडल्या, काही जेवल्या, काही रडत जेवल्या. कांताबाईंनी नागपूरहून आणलेली बिस्किटं सोडून कशालाही हात लावला नाही. त्या पायात बूट घालून, मांडीवर पर्स धरून दाराकडे तोंड करून बसल्या. हलीमाने त्यांच्या खांद्यावर ब्लँकेट घातलं. ती वळल्यावर कांताबाईंनी ते काढून ठेवलं. हलीमाच्या ते लक्षात आलं, पण तिने आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी रस्ता उघडला. मंजूरने त्यांना जम्मूला गाडीत बसवून दिलं.

नागपूर स्टेशनवर नातेवाइकांपेक्षा कॅमेरे जास्त होते. एका पोराने सुभद्राबाईंपुढे माइक धरला आणि कसं वाटलं ते विचारलं. बाई दोन रात्री झोपल्या नव्हत्या, तरी नीट बोलल्या. भीती वाटली, म्हणाल्या. ज्यांनी मारलं त्यांना सोडू नका, म्हणाल्या. आणि शेवटी म्हणाल्या, "आमच्या ड्रायव्हरच्या आईनं अठरा जणींना दोन दिवस रांधून घातलं, तेही दाखवा. आम्ही तिच्या घरात सुखरूप होतो."

चॅनेलने शेवटची दोन वाक्यं तेवढी दाखवली.

तोवर वाडीत सगळीकडे तीच चर्चा होती. चहाच्या टपरीवर कोणी युद्ध मागत होता, कोणी पाकिस्तानचं पाणी तोडा म्हणत होता. तिथे बंदोबस्त का नव्हता ते आधी सांगा, असं एखादा म्हणाला की बाकीचे त्याच्यावर धावून जात. चौकातल्या फळवाल्या सलीमकडे काही लोक जाईनासे झाले. तो वाडीतच जन्मलेला, काश्मीर त्याने कॅलेंडरवर पाहिलेलं. त्यात सुभद्राबाईंची क्लिप घरोघरच्या मोबाइलवर फिरायला लागली. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते त्यांची सून वाचून दाखवेना, म्हणून त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं. भातासाठी देश विकला, इथपर्यंत सगळं त्यात होतं. बाईंनी फोन उपडा ठेवला आणि अंगण झाडायला गेल्या. नरखेडच्या रस्त्यावर त्यांनी यापेक्षा वाईट ऐकलं होतं.

दोन दिवसांनी शहरातून चार सभ्य माणसं पुष्पगुच्छ घेऊन आली. त्यांना सुभद्राबाईंचा सत्कार करायचा होता, माणुसकीवर भाषण हवं होतं. बाई खूश झाल्या. येते म्हणाल्या, पण भीती किती वाटली तेही सांगीन, आणि मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी तेही. ते लोक एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, ते तर सगळेच बोलतात, तुम्ही फक्त त्या आईचं सांगा.

"म्हणजे तुम्ही पण अर्धंच घेऊन राहिले," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी चहा पाजून पाहुण्यांना वाटेला लावलं.

हे सगळं त्यांनी सोसलं. लागलं ते एकच. वाडीच्या ग्रुपवर पियूषने लिहिलं होतं की माझी आई मरणाच्या दारातून परत आली आणि आमची सुभद्रामावशी तिथल्या भाताची तारीफ करून राहिली. या पोराला त्यांनी मांडीवर घेऊन भात भरवला होता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

कांताबाईही आल्या नव्हत्या. पाच दिवस झाले. भिंतीपलीकडून भांड्यांचे आवाज यायचे, खोकला ऐकू यायचा, हाक मात्र येत नव्हती. सहाव्या दिवशी दुपारी सुभद्राबाई स्वतः गेल्या. कांताबाई लसूण सोलत बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत, तरी सुभद्राबाई बसल्या आणि त्याही लसूण सोलू लागल्या.

एक गड्डा सोलून झाल्यावर कांताबाईंनी विचारलं, "तू 'आम्ही' काहून म्हणली वं?"

"कधी?"

"टीव्हीवर. आम्ही सुखरूप होतो म्हणली. तू होती सुखरूप. मी नव्हती. मी दोन दिवस त्या दाराकडे पाहून राहिली होती. तो मंजूर पाण्याचा जग घेऊन आला तरी मले वाटे, आता हा मारते. त्यानं काहीच नाही केलं, मले समजते. पण माझ्या जिवाचं काय झालं, ते कोणी इचारलंच नाही. पियूषनं पण नाही. तो नुसता चिडून राहिला."

बावीस वर्षं सुभद्राबाई गाडीतल्या प्रत्येकाच्या वतीने बोलत आल्या होत्या: ड्रायव्हरशी, डेपोशी, रस्त्यात गाडी अडवणाऱ्यांशी. त्या सवयीने टीव्हीवरही अठरा जणींच्या वतीने बोलून गेल्या. कांताच्या वतीने बोलण्याआधी तिला एकदा विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुले यायचंच नव्हतं. मीच नेलं."

"नेलं ते बरं केलं," कांताबाई लसणाकडे पाहत म्हणाल्या. "बाग चांगली होती."

रविवारी संध्याकाळी वाडीच्या मैदानावर श्रद्धांजली सभा झाली. ती ठरवणाऱ्या पोरांत पियूष पुढे होता. गेलेल्यांचे फोटो लावले होते, समोर मेणबत्त्या होत्या. दोन मिनिटं सगळं मैदान खरोखर शांत उभं राहिलं. मग भाषणं सुरू झाली आणि वीस मिनिटांत भांडण लागलं. एकाने ठराव मांडला की हिवाळ्यात काश्मिरी शालवाल्यांना वाडीत पाय ठेवू द्यायचा नाही. टाळ्या पडल्या. निवृत्त शिक्षक मार्तंड ठवरे उठून म्हणाले, शाल विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा पहाऱ्यावर कोण होतं ते विचारू या. त्यांना खाली बसा म्हणून आरडाओरडा झाला. माइक तिघांच्या हातात एकदम होता. मेणबत्त्या धरून उभी असलेली लहान पोरं रडायला लागली.

तेव्हा मागून आवाज आला. "एकेकानं बोला गा. सगळ्यांले जागा भेटन, दारात लोंबकळू नका."

अर्ध्या मैदानाने कधी ना कधी त्या आवाजाकडून तिकीट घेतलं होतं. लोक नकळत सरकले. काही हसले. सुभद्राबाई पुढे गेल्या आणि माइक काढून घेतला. आधी टीव्हीवर बोलल्या त्याचं उत्तर द्या, असं कोणीतरी ओरडलं.

त्यांनी दिलं. स्टेशनवर बोललेली सगळी वाक्यं त्यांनी जशीच्या तशी पुन्हा सांगितली, दाखवलेली आणि न दाखवलेली. मग म्हणाल्या, "त्यात एक शब्द माझा चुकला. मी 'आम्ही' म्हणली. मी फक्त माझं बोलाले पाहिजे होतं. कांताचं कांता बोलन, तिले वाटलं तर."

पियूष मान वर करून आईकडे पाहू लागला. कांताबाईंना माइक नको होता. त्या जागेवरच उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या, तेव्हा मागच्या लोकांना ऐकायला पुढे यावं लागलं.

"ज्याच्या घरी राहिली त्याचंच मले भेव वाटे," त्या म्हणाल्या. "त्याच्या मायनं माझ्यावर पांघरूण घातलं, ते मी काढून टाकलं. तिनं पाहिलं. अजून मले भेव वाटते, आणि त्या बाईची लाज पण वाटते. दोन्ही आहे. तुम्ही ठराव करून राहिले, तर माझ्या नावानं करू नका. माझं अजून ठरलं नाही."

त्या खाली बसल्या. सुभद्राबाईंनी माइक मार्तंड सरांकडे दिला, त्यांचं झाल्यावर ठराववाल्याकडे, मग ज्याने ज्याने हात वर केला त्याच्याकडे. लोक तासभर भांडले, पण एका वेळी एकच जण बोलत होता. ठराव झाला नाही. मतं कोणाची फारशी बदलली असतील असंही नाही. घरी जाताना मात्र दोन-चार जण सलीमच्या गाडीवर थांबून टरबूज घेताना दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पियूष शिडी घेऊन मावशीकडे आला, माळ्यावरून कूलर उतरवला, जुना वाळा काढून नवा बसवला, पंप साफ केला. कूलर लावून झाल्यावर पाणी पिता पिता तो एवढंच म्हणाला की त्या दोन दिवसांत आईचा फोन लागत नव्हता, तेव्हा तो गोदामात ट्रकच्या आड जाऊन रडला होता. सुभद्राबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला जेवायला थांबवून घेतलं. ग्रुपवरचा, सगळ्यांचा वाचून झालेला तो मेसेज त्याने पुढे चार दिवसांनी काढून टाकला.

हिवाळ्यात दोन शालवाले वाडीत आले. काही दारं उघडली, काही नाही. कांताबाईंचं उघडलं नाही. सुभद्राबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मंजूरचा अधूनमधून फोन यायचा, प्रवासी येत नाहीत म्हणून तो आता सफरचंदांचा ट्रक चालवत होता. एकदा बोलणं संपत आलं असताना कांताबाईंनी खूण करून फोन मागितला आणि त्याच्या आईची तब्येत विचारली. मोडक्या हिंदीत, दोनच वाक्यं. मग फोन परत देऊन त्या आपल्या घरी गेल्या.

जानेवारीत सुभद्राबाईंनी पचमढीची सहल काढली. काश्मीरच्या अठरा जणींपैकी अकरा आल्या. सात जणींनी नाही म्हणून कळवलं, त्यांतल्या तिघी रस्त्यात भेटल्या तर अजून तोंड फिरवतात. चार जणी नवीन होत्या, त्यांत पियूषची बायको रितिका. निघायच्या दिवशी कांताबाई सगळ्यांच्या आधी गाडीत चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागची सीट धरून बसल्या. ही जागा माझी आहे, असं सुभद्राबाईंचं म्हणणं पडलं. सावनेर मागे पडेस्तोवर दोघींचा वाद चालला होता, आणि रितिका मध्ये बसून दोघींना तिळाचे लाडू देत होती.