तीन अपघात, एक परवाना

निवृत्त झाल्यावर नोकरीतले बरेच गुन्हे विसरलो. हा मात्र विसरता आला नाही, कारण त्यातली पहिली चूक माझी होती.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतून दिवसभर ट्रक जात. कापसाच्या गाठी नेणारे लांब पल्ल्याचे चालक सहसा सांभाळून चालवत. माल आणि गाडी दोन्ही शाबूत पोचवायची असे. गिट्टीच्या टिप्परवाल्यांचं तसं नव्हतं. त्यांना दिवसाच्या खेपा मारायच्या असत, आणि आमच्या अपघात नोंदवहीत तेच जास्त सापडत.

एका दुपारी मारेगावकडच्या रस्त्यावर टिप्परने एका पोस्टमनला मागून उडवलं. तो गावातलं टपाल वाटून मोटारसायकलवर परत निघाला होता. जागीच गेला. चालक टिप्पर सोडून पळाला. आम्ही पंचनामा केला, टिप्पर ओढून ठाण्यात आणला. संध्याकाळी मालकाच्या माणसाने चालकाला हजर केलं. तांड्यावरचा चाळिशीचा उंच माणूस, खाली मान घालून उभा. गाडी आपणच चालवत होतो, एवढंच बोलला.

त्याचा पूर्वेतिहास काढला. आधीच्या दोन अपघातांत याचंच नाव आणि दोन्हीत माणूस गेलेला. पहिल्या गुन्ह्यात साक्षीदारांना चालक ओळखता आला नव्हता, म्हणून तो सुटला. दुसरा कोर्टात चालू होता. मला संताप आला. मी कलम वाढवलं आणि 'आरोपी सवयीचा बेदरकार चालक आहे' असं लिहून कोठडी मागितली. ती मिळाली.

दुसऱ्या दिवशी परिवहन खात्याचे निरीक्षक टिप्पर तपासायला येणार होते. टिप्पर फाटकातच अडकून उभा होता आणि आमच्या चालकाला तो निघेना. हवालदार म्हणाले, याच्याकडूनच काढून घेऊ. नियमात बसत नव्हतं, तरी मी हो म्हटलं. तो वर चढला. गुडघे बसेनात, म्हणून आधी त्याने सीट मागे सरकवली. मग एकाच दमात टिप्पर मागे घेऊन भिंत आणि कडुनिंबाच्या मधल्या जागेत लावला. दोन्ही बाजूंना हातभर जागाही नव्हती. हवालदार बघत राहिले. सीट बुटक्या माणसाच्या बेताने पुढे घेतलेली होती, हे मला खटकलं.

दुपारी गावातले एक मेस्त्री आले, ट्रक दुरुस्त करणारे. नमाज आटोपून थेट आले होते. बराच वेळ बाकावर बसून राहिले, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, त्या दिवशी तो माह्या गॅरेजातच होता. मालकाच्या दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून राह्यलो होतो आम्ही. पाच वाजेपर्यंत हाललाच नाही. मालकाचं काम मले सुटन, पण झूठ पचत नाही."

मी आरोपीला समोर बसवलं, चहा दिला. पोस्टमन रस्त्याच्या कोणत्या बाजूला होता, असं विचारलं. तो चुकीचं बोलला. मोटारसायकलचा रंग विचारला, तर तोही चुकीचा सांगितला. मग मी मेस्त्रींचं नाव घेतलं. त्याने कप खाली ठेवला.

"मालकाच्या सहा गाड्या हायेत साहेब," तो म्हणाला. "जड गाडीचं लायसन माह्या एकट्याकडं. विम्याले तेच लागते. अपघात झाला का मलेच हजर करते."

तू तयार का झालास, असं विचारलं. नाही म्हटलं तर गाडी हातची जाईल आणि गाडीशिवाय आपल्याला दुसरं काही येत नाही, असं तो म्हणाला. मग प्रथमच त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पह्यल्या खेपेले तुमीच होते साहेब. तुमी लायसन पाह्यलं, चालू हाय म्हन्ले, अन् सही घेतली. गाडी कोन चालवत होता, हे तुमी इचारलंच नाही."

मी जुने कागद मागवले. सात-आठ वर्षांपूर्वी त्याच ठाण्यात उपनिरीक्षक असताना केलेला तपास होता तो. सही माझीच होती.

पुढचं काम दोन दिवसांत झालं. खरा चालक, एक बुटका माणूस, उमरखेडला नातेवाईकाकडे सापडला. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा. परवाना फक्त हलक्या वाहनाचा. भरलेल्या टिप्परला ब्रेक किती आधी लावायचा, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पहिला अपघातही आपल्याच हातून झाल्याचं त्याने सांगितलं; दुसऱ्यात मालकाचा आणखी एक बिनपरवान्याचा चालक होता. त्याच्यावर आणि मालकावर दोषारोपपत्र गेलं. खोटी माहिती दिली म्हणून त्या उंच माणसाचंही नाव मला त्यात घालावं लागलं. त्याचा परवाना गेला. अख्ख्या हद्दीतला सगळ्यात चांगला चालक माझ्या सहीने सवयीचा गुन्हेगार ठरला, आणि माझ्याच सहीने स्टीअरिंगवरून उतरला.

खरा आरोपी पकडल्याचं सांगायला मी पोस्टमनच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कोणत्या अपघातात कोण होता, हेही मी सांगितलं. लपवायची इच्छा नव्हती.

ती म्हणाली, "मंग त्याले पह्यल्याच खेपेले काहून नाही धरलं, साहेब?"

तपास अधिकाऱ्याने कागद पाहायचाच असतो, पण आधी समोरचा माणूस पाहायचा असतो. हे मला शिकायला एक पोस्टमन जावा लागला. पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठलो.