पहिली सही ताईंची

आंदोलन करायचं तर चेहरा लागतो. आमच्या कॉलनीत चेहरे भरपूर होते, पण सगळे खाऊनपिऊन सुखी. अमरावतीच्या कडेला, मोर्शी रस्त्याकडे दोन मजली घरं बांधून बसलेलो आम्ही. मागच्या मैदानावर शहराचा कचरा येणार म्हटल्यावर मोर्चा काढला, तर रस्त्यावरची माणसं हसली. मी अकोल्याचा. जठारपेठेत तरुणपणी गणपतीतली नाटकं बसवलेली. पात्रनिवड कुठे चुकली ते मला त्या मोर्चातच कळलं.

दुसऱ्या मोर्चात मी आमच्या भाजीवाल्या ताईंना पुढे उभं केलं. जवळच्याच गावात त्यांचं दोन एकर वावर. रोज सकाळी मेथी-वांग्यांचा गाडा ढकलत कॉलनीत यायच्या. टाचांना काळी माती, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की महापालिका कार्यालयाच्या खिडक्या उघडल्या.

"सायेब, गिऱ्हाईक पळून गेलं त मी वांगे कोनाले विकू? तुमाले?"

फोटो छापून आला. तेव्हापासून प्रत्येक निवेदनावर पहिली सही ताईंची, मग आमच्या. त्यांना याचा इतका अभिमान, की सही करण्याआधी हात पदराला पुसायच्या.

शेवटी साहेब वैतागले. "आठ दिवसांत दुसरी जागा सुचवा, ही रद्द करतो."

ताईंनी तेवढंच ऐकलं, रद्द करतो. त्यांनी नवस बोलला होता. रविवारी सगळ्या कॉलनीला त्यांच्या वावरात रोडग्यांचं जेवण.

गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, राख झटकून फोडायचे, त्यात तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. आमचे निवृत्त इंजिनिअर तिसरा रोडगा संपवून हात धुवायला धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

"ताई, या धुऱ्यापलीकडे कोणाचं हो?"

"ई-क्लास हाये. सरकारी जागा. ढोरं चरतेत."

इंजिनिअरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. नाटकात अशी नजर जमायला महिनाभर तालीम लागते.

मी तिथेच आंब्याखाली, मांडीवर वही घेऊन निवेदन लिहिलं. 'सदर जागा निर्जन असून' असं लिहीत होतो तेव्हा त्या निर्जन जागेच्या कडेला चाळीस माणसं जेवत होती.

"ताई, सही."

"कायचा कागद हाये, भाऊ?"

"नेहमीचाच."

त्यांचे हात तुपाने माखलेले. पदराला पुसले, सही केली, आणि माझ्या पानात आणखी एक रोडगा टाकला. "घ्या, लाजू नका."

मी लाजलो नाही.

जागा मंजूर झाली. ताईंच्या वावराला लागून कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या. मग आमच्या कॉलनीतल्या बायका त्यांची वांगी नाकाशी धरून परत ठेवू लागल्या. "तिकडची भाजी नको बाई." त्यात माझी बायकोही होती. वांग्यांना कसलाही वास नव्हता. मी स्वतः हुंगली आहेत.

एका सकाळी गाडा आमच्या फाटकाशी थांबला. भरलेलाच.

"सायबानं कागद दाखवला, भाऊ. पयली सई माहीच."

मी चेहरा पाडला. ते मला उत्तम जमतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता आमच्या गावाचा अर्ज लिवून द्या. तुमी लय भारी लिवता, ते त मले समजलंच."

टोमणा सुरेख होता, दाद द्यावी असा. मी ओट्यावर बसून दोन पानं लिहिली. इतकं चांगलं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. वाचून दाखवताना मीच डोळे पुसले. ताईंच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"करा पयली सई. तुमची."

समोरच्या ओट्यावर इंजिनिअर पेपर वाचत होते. आता पान उलटायचे थांबले.

मी पेन उचललं, झटकलं, हवेतच दोनदा ओढून पाहिलं. "रिफिल संपली वाटतं."

ताईंनी ती भरगच्च दोन पानं वरपासून खालपर्यंत पाहिली. "हाव. संपलीच असन."

कागदाची घडी कमरेला खोचली, सवयीने मूठभर कोथिंबीर फाटकावर ठेवली, आणि गाडा ढकलत पुढे गेल्या.

कोथिंबीर बायकोने गाईला घातली.